वर्ग आणि मैदान : रांजणगावच्या खेळाडू मुलीची शाळा आणि त्या निवडीमागचा शंभर वर्षांचा इतिहास

१/
पुणे–अहिल्यानगर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर रांजणगाव आहे. अष्टविनायकांतील महागणपतीचे हे स्थान; गेल्या काही दशकांत औद्योगिक वसाहतीमुळे ते कारखान्यांचे गावही झाले. शिरूर तालुक्यातील अशा गावांत दर जून महिन्यात एक प्रश्न घराघरांतून विचारला जातो. सातवीतल्या मुलीचा हात चेंडूवर चांगला बसला आहे, जिल्ह्याच्या सॉफ्टबॉल संघात तिचे नाव येऊ शकते; तिला गावातल्याच शाळेत ठेवावे, शिकवणीचा लौकिक असलेल्या शहरातील शाळेत घालावे, की खेळाच्या वसतिगृहात पाठवावे? प्रश्न खासगी वाटतो. त्याची घडण मात्र ऐतिहासिक आहे.

२/
एकोणिसाव्या शतकातील मराठी गावात हा प्रश्न उद्भवत नसे, कारण दोन्ही व्यवस्था परस्परांपासून पूर्ण अलग होत्या. शरीर घडवायचे ते तालमीत, अक्षर गिरवायचे ते शाळेत. तालमीला वस्ताद असे आणि शाळेला पंतोजी. दोघांचा संबंध क्वचितच येई. तालमीतला मुलगा आणि शाळेतला मुलगा बहुधा वेगवेगळ्या घरांतून येत. १८८२ च्या हंटर आयोगाने शाळांतून देशी खेळ, कसरत आणि कवायत यांना उत्तेजन द्यावे अशी शिफारस केली. कागदावर तरी तेव्हा मैदान शाळेच्या आवारात आले.

३/
कागदावरची ही गोष्ट जमिनीवर उतरवण्याचे एक मोठे उदाहरण कोल्हापूर संस्थानात दिसते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि त्याच राजवटीत, १९१२ मध्ये, खासबागेचे कुस्ती मैदान बांधून पूर्ण झाले. वसतिगृह आणि आखाडा ही दोन्ही एकाच तिजोरीतून उभी राहिली. खेड्यातला मुलगा शिकायला शहरात आला तरी त्याची तालीम सुटू नये, अशी सोय या शहरात आपोआप झाली. पुढे चाळीस वर्षांनी या सोयीला काय फळ आले, ते याच धाग्यात येईल.

४/
इतरत्र हे काम संस्थांनी केले. १९०६ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली; १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने जर्मनीत भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ सुरू केले. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी संस्था काढली. व्यायामशाळा हळूहळू शाळा, महाविद्यालये आणि शिक्षक घडवू लागल्या. मैदानावरचा माणूस 'वस्ताद' होता तो 'शिक्षक' झाला.

५/
तरीही दरी बुजली नव्हती. १९१९ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून अध्यक्ष सर दोराबजी टाटा चकित झाले. या पोरांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या होत्या. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय पथक पाठवण्याची खटपट सुरू झाली; बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले. पुण्यातल्या सुशिक्षित मंडळींनी भरवलेल्या स्पर्धेत धावण्याची ताकद बाहेरून, शिवारातून आली होती. पुढे त्यांना शिक्षणाची आणि नोकरीची वाट कोणती, याचे उत्तर तेव्हा कोणापाशीच नव्हते.

६/
ते उत्तर पहिल्यांदा नीट दिसते ते खाशाबा जाधवांच्या आयुष्यात. १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी त्यांचा जन्म झाला. कुस्ती घरातलीच. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. शाहूंनी घडवलेल्या शहरात वर्ग आणि आखाडा यांच्यामधले अंतर चालत जाण्याइतके होते. असे सांगितले जाते की, महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेत त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून प्रथम त्यांना घेतलेच नव्हते. ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि थोराड मल्लांना चीत केले.

७/
१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरच्या कुस्तीची सवय नव्हती, ही बाब लक्षात घेतली म्हणजे सहाव्या क्रमांकाचे मोल कळते. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसा उभा राहीना. गावोगाव वर्गणी झाली, तरी रक्कम कमी पडली. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

८/
परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यांच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवले. ही कथा सहसा गुरुभक्तीची म्हणून सांगितली जाते. शाळा निवडण्याच्या इतिहासात तिचा अर्थ अधिक व्यावहारिक आहे. खाशाबांच्या महाविद्यालयात जगातली कोणतीही सुविधा नव्हती. तिथे एक माणूस होता, ज्याच्या अधिकारात विद्यार्थ्याची हजेरीही होती आणि ज्याला त्याच्या कुस्तीचीही काळजी होती. हजेरीपट आणि आखाडा या दोन्हींची जबाबदारी एकाच व्यक्तीने घेतली, तेव्हा विद्यार्थ्याला दोहोंपैकी एक निवडावे लागले नाही.

९/
या कथेची दुसरी बाजूही आहे. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. सुमारे २७ वर्षे त्यांनी नोकरी केली. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघाती मृत्यू झाला, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशक उलटून गेल्यावर. पदकाने घर चालत नाही, ही गोष्ट त्यांच्यानंतरच्या प्रत्येक मराठी पालकाला ठाऊक होती. 'आधी शिक्षण, मग खेळ' हे वाक्य खेळाच्या द्वेषातून आलेले नाही; खेळाडूंची उतारवये पाहून ते आलेले आहे.

१०/
आता सॉफ्टबॉलकडे. या खेळाचा जन्मच विद्यापीठांच्या सावलीत झाला. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात येल आणि हार्वर्ड यांच्यातील फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत काही तरुण जमले होते. निकाल आला, आनंदाच्या भरात एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा फेकला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या पत्रकाराने त्यातून छपराखाली खेळायचा बेसबॉल बेतला. 'सॉफ्टबॉल' हे नाव मात्र १९२६ मध्ये आले. ते सुचवणारे वॉल्टर हकान्सन हे वायएमसीए या संस्थेचे कार्यकर्ते होते.

११/
खेळाचे स्वरूप साधे आहे. नऊ-नऊ जणींचे दोन संघ, सात डाव, चेंडू खांद्याखालून फेकायचा. चेंडूचा घेर १२ इंच, दोन बेसमधले अंतर ६० फूट. मुलींच्या खेळात पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते. लहान मैदान पुरते, विटी-दांडू आणि क्रिकेट खेळलेल्या हातांना टोलवण्याची सवय असतेच. भारतात सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात हा खेळ मुख्यतः शाळा-महाविद्यालयांच्या आधाराने वाढला. जळगाव, अमरावती, पुणे या जिल्ह्यांतून खेळाडू निघाले आणि शिवछत्रपती पुरस्कारांच्या यादीत सॉफ्टबॉलपटूंची नावे येऊ लागली.

१२/
सॉफ्टबॉल शाळेत वाढला याचे एक कारण शालेय स्पर्धांची उतरंड हे आहे. भारतीय शालेय खेळ महासंघ १९५४ मध्ये स्थापन झाला. तालुका किंवा जिल्हा, मग विभाग, मग राज्य, शेवटी राष्ट्रीय; आणि १४, १७, १९ वर्षांखालील असे वयोगट. या व्यवस्थेत खेळाडूची ओळख तिच्या शाळेवरून ठरते. सांघिक खेळात तर एकटी गुणवान मुलगी पुरत नाही. शाळेचा संघ उभा राहिला पाहिजे. कुस्तीचा मुलगा कोणत्याही शाळेत असला तरी तालमीत जाऊ शकतो. सॉफ्टबॉलच्या मुलीची शाळा चुकली, तर तिचा खेळच बंद पडू शकतो.

१३/
शासनाने या शिडीला दोन आमिषे जोडली. पहिले गुणांचे: दहावी-बारावीच्या परीक्षेत स्पर्धेच्या पातळीनुसार कमाल २५ सवलतीचे गुण. दुसरे नोकरीचे: ३० एप्रिल २००५ च्या शासननिर्णयाने गुणवत्ताधारक खेळाडूंना शासकीय सेवेत ५ टक्के आरक्षण मिळाले, १ जुलै २०१६ रोजी त्याचे सुधारित धोरण आले. खाशाबांच्या पिढीला जे मिळाले नाही, ते देण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. ज्या घरात मुलीच्या खेळाला वेळेचा अपव्यय मानले जाई, तिथे '२५ गुण मिळतात' या एका वाक्याने मैदानाचे दार उघडले.

१४/
आमिषाचे परिणाम उलटेही झाले. खेळण्यापेक्षा प्रमाणपत्र मिळवणे सोपे असते. स्पर्धक कमी असलेला खेळ शोधायचा, जिल्ह्यात दोन-तीन संघ असतील तिथे नाव घालायचे, गुण घ्यायचे आणि दहावीनंतर मैदान सोडायचे, ही वाट रुळली. पुढे नोकरभरतीत बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आणि प्रत्येक प्रमाणपत्राच्या पडताळणीची पद्धत कडक करावी लागली. कमी खेळल्या जाणाऱ्या खेळांकडे त्यामुळे संशयाने पाहिले जाऊ लागले. वर्षानुवर्षे उन्हात चेंडू अडवणाऱ्या मुलीच्या कागदालाही मग तीच चाळणी लागते.

१५/
अमेरिकेत हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला गेला. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव करण्यास बंदी घातली. त्यानंतर महाविद्यालयांना मुलींचे संघ उभारावे लागले आणि सॉफ्टबॉल हा शिष्यवृत्ती मिळवण्याचा मार्ग झाला. १९८४ मध्ये टेक्सास राज्याने नियम केला: विषयात नापास झालेल्या विद्यार्थ्याला सहा आठवडे शाळेच्या संघातून खेळता येणार नाही. थोडक्यात, तिथे खेळायचे असेल तर आधी उत्तीर्ण व्हावे लागते. इथे खेळल्यामुळे उत्तीर्ण होणे सोपे जाते. एका व्यवस्थेत अभ्यास हा खेळाचा परवाना आहे, तर दुसरीत खेळ हा गुणांचा पूरक स्रोत आहे.

१६/
तिसरा मार्ग म्हणजे शाळाच खेळाभोवती बांधायची. पूर्व युरोपातील समाजवादी देशांनी तो विसाव्या शतकाच्या मध्यापासून चोखाळला. पूर्व जर्मनीच्या क्रीडाशाळांनी पदके दिली आणि उत्तेजक द्रव्यांचा काळा इतिहासही मागे ठेवला. भारतात केरळ सरकारने १९७६ मध्ये कण्णूरला मुलींचा क्रीडा विभाग सुरू केला, पी. टी. उषा तिथल्या पहिल्या तुकडीतल्या. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांनंतर, १९८४ मध्ये, भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी शाळांमधून गुणी मुले हेरण्याची योजना आली. महाराष्ट्रात १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले, आणि १९९६ पासून राज्यात शासनाची क्रीडा प्रबोधिनी सुरू झाली.

१७/
क्रीडा प्रबोधिनीची कल्पना अशी: ८ ते १४ वयाची मुले चाचण्यांतून निवडायची आणि निवास, आहार, शाळा, प्रशिक्षण यांची जबाबदारी शासनाने घ्यायची. चाचण्याही पाहण्यासारख्या आहेत. उंची आणि वजन, ३० मीटर धाव, शटल रन, उभ्याने लांब उडी, मेडिसीन बॉल फेक, लवचीकता, ८०० मीटर धाव. मुलाला कोणता खेळ येतो, याला तिथे गौण स्थान आहे. शरीर कोणत्या खेळाला योग्य आहे, हे पाहिले जाते. इथे एक महत्त्वाचा फरक पडतो. घरच्या शाळेत मूल खेळ निवडते. प्रबोधिनीत पुष्कळदा व्यवस्था मुलासाठी खेळ निवडते.

१८/
प्रवीण जाधव हे याचे बोलके उदाहरण. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात सरडे हे त्यांचे गाव. आईवडील मजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक विकास भुजबळ यांनी या मुलाला धावायला लावले आणि प्रबोधिनीपर्यंत नेले. तिथे धावपटू म्हणून गेलेला मुलगा तिरंदाजीकडे वळवला गेला आणि अमरावतीत घडला. पुढे सैन्यात नोकरी लागली आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. खर्डेकरांपासून भुजबळांपर्यंत अनेक दशके गेली. साखळीतला पहिला दुवा मात्र बदलला नाही: शाळेत शिकवणारा, मुलाला ओळखणारा शिक्षक.

१९/
स्वप्नील कुसळे यांची वाटही प्रबोधिनीतूनच गेली. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे त्यांचे गाव, वडील शिक्षक. २००९ मध्ये वडिलांनी त्यांना प्रबोधिनीत घातले. सुरुवातीच्या शारीरिक प्रशिक्षणानंतर त्यांनी नेमबाजी निवडली आणि नाशिकला सराव केला. २०१५ मध्ये रेल्वेत नोकरी लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्यांनी कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. दरम्यान राज्याने १५ जानेवारी, म्हणजे खाशाबांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करायचे ठरवले होते.

२०/
वसतिगृहाशिवायची वाटही आहे. साताऱ्याच्या अदिती स्वामी यांचे वडील शासकीय शाळेत गणिताचे शिक्षक. मुलीला खेळ मिळावा म्हणून हे कुटुंब खेड्यातून सातारा शहरात राहायला आले. उसाच्या शेतालगतच्या अकादमीत सराव आणि बरोबर शाळा, असे तिचे दिवस गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला अदिती वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीची जगज्जेती झाली. इथे मुलगी घर सोडून गेली नाही, घरच मुलीच्या मागे आले. ही वाट सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत महागही. ज्या घरात बदली मागता येईल अशी नोकरी आहे, त्यांनाच ती बहुधा परवडते. कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या घराला असे घर हलवता येत नाही.

२१/
पुण्यात सैन्याचीही एक व्यवस्था आहे. २००१ मध्ये पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली, आणि सैन्याच्या 'बॉइज स्पोर्ट्स कंपनी' लहान वयाच्या मुलांना निवडून शाळा आणि खेळ दोन्ही देतात. पुढे सैन्यात भरतीची संधी असते. गरीब घरच्या मुलासाठी याहून भक्कम हमी क्वचितच मिळते. पण नावातच 'बॉइज' होते, आणि खेळ ठरावीक. रांजणगावच्या सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीला, रांजणगावाहून तासा-दीड तासावर असूनही, ही दारे अनेक वर्षे बंदच होती. व्यवस्थेचे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, ते असे.

२२/
सॉफ्टबॉलची स्वतःची अडचण आणखी वेगळी आहे. महिलांचा सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ या चार ऑलिंपिकमध्ये होता. पहिली तीन सुवर्णपदके अमेरिकेची, चौथे जपानचे. मग तो वगळला गेला. टोकियोत परतला, तेव्हा पुन्हा जपान जिंकला. पॅरिसमध्ये नव्हता. २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धांत पुन्हा आहे. जो खेळ ऑलिंपिकच्या यादीत ये-जा करतो, त्याच्यामागे मोठी शासकीय गुंतवणूक स्थिर राहत नाही. म्हणून या खेळात मुलीचे भवितव्य पदकाच्या स्वप्नापेक्षा शालेय संघ, राज्य संघ, आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि राखीव जागा या पायऱ्यांवर अधिक अवलंबून असते. आणि यातली जवळजवळ प्रत्येक पायरी शिक्षणसंस्थेतूनच जाते.

२३/
आता शाळेच्या आवारात काय आहे ते पाहावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान असावे आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य मिळावे असे लिहिले आहे. पण आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांत पटसंख्या १०० हून अधिक असलेल्या शाळांसाठी. लहान गावाच्या लहान शाळेत मैदान असते. शिकवणारा असेलच असे नाही. मोठ्या शहरातल्या शाळेत शिकवणारा असतो. मैदान पुष्कळदा वाहनतळाएवढे असते. शिरूर तालुक्यातल्या पालकापुढे हीच अदलाबदल असते.

२४/
तरी याच तालुक्याने एक गोष्ट दाखवून दिली आहे. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा गावाच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या शून्य ऊर्जा इमारतीमुळे आणि शिकवण्याच्या पद्धतीमुळे राज्यभर नावाजली गेली, आणि तिथल्या प्रवेशासाठी पालक प्रतीक्षायादीत थांबू लागले. 'चांगली शाळा म्हणजे शहरातली, खासगी, इंग्रजी माध्यमाची' हे समीकरण ज्या पट्ट्यात सर्वांत वेगाने पसरत होते, त्याच पट्ट्यात ते मोडले गेले. शाळेची गुणवत्ता गावाने मनावर घेतल्याने वाढू शकते, तर शाळेचे मैदानही त्याच मार्गाने जागे होऊ शकते.

२५/
या शंभर वर्षांतून रांजणगावच्या पालकाने शाळेच्या दारात विचारावेत असे चार प्रश्न निघतात. एक: स्पर्धेमुळे बुडालेला अभ्यास भरून कोण काढतो, आणि त्याचे नाव काय? दोन: संघ यंदाच्या प्रमाणपत्रांपुरता जमवला आहे, की चौदा, सतरा आणि एकोणीस या तिन्ही वयोगटांत सलग उभा आहे? तीन: मुलीचा खेळ ती निवडणार की संस्था? चार: दुखापत झाली किंवा निवड हुकली, तर त्याच शाळेत तिचे स्थान तसेच राहते का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला वेळ लागला, तर ते उत्तरच समजावे.

२६/
यांत टक्केवारी आणि पदके यांविषयी एकही प्रश्न नाही, याचे कारण इतिहासात आहे. टक्केवारी आणि पदके ही निकालाची मोजमापे. निवड करताना ती आधीच्या मुलांची असतात. खाशाबांसाठी कोल्हापूर, प्रवीण यांच्यासाठी सरडे, अदितीसाठी सातारा ही ठिकाणे तेव्हा कोणत्याही यादीत अग्रभागी नव्हती. तिथे एकच गोष्ट समान होती: मुलाचा वर्ग आणि मुलाचे मैदान यांच्यामध्ये उभे राहून दोन्हीकडे बोलू शकेल असे एक मोठे माणूस. ते कधी प्राचार्य होते, कधी प्राथमिक शिक्षक, कधी वडील.

२७/
वसतिगृह हा शब्द मराठी समाजाला नवा नाही. शाहूंच्या वसतिगृहांतून आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातून खेड्यातली मुले शिकून मोठी झाली. स्वतः भाऊराव तरुणपणी कुस्ती खेळत आणि त्यांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत श्रम आणि अभ्यास एकाच दिवसाच्या वेळापत्रकात बसवले होते. त्या काळी मुलाला बाहेर पाठवण्याचा निर्णय सोपा होता, कारण गावात पुढची शाळाच नव्हती. आज गावात शाळा आहे, महामार्गावर आणखी शाळा आहेत आणि पुणे तासा-दीड तासावर आहे. पर्याय वाढले की निवडीचे ओझे शासनाकडून, संस्थानिकाकडून, संस्थेकडून सरकत सरकत घराच्या उंबऱ्याशी येते.

२८/
म्हणून रांजणगावातल्या त्या सातवीतल्या मुलीबाबतचा निर्णय जूनमध्ये एकदाच होऊन संपत नाही. आठवीत संघ टिकला का, नववीत अभ्यास झेपतो का, दहावीच्या वर्षी स्पर्धा आणि सराव परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तर कोण कोणाशी बोलणार, हे दरवर्षी नव्याने पाहावे लागते. १९५२ मध्ये एका प्राचार्यांनी घर गहाण ठेवले, कारण त्या वेळी दुसरी कोणतीही व्यवस्था नव्हती. आज शिष्यवृत्ती आहे, सवलतीचे गुण आहेत, आरक्षण आहे, प्रबोधिनी आहे. मुलीची हजेरी आणि तिचा खेळ या दोहोंची चौकशी एकाच दमात करणारे माणूस शाळेत आहे का, हे मात्र अजूनही शाळेत जाऊनच पाहावे लागते.